अकरा पुऱ्यांची याहीण

नाशिकमध्ये रेकॉर्ड झालेली अहिराणी गाण्यांची पहिली कॅसेट माझी. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. हाच दावा आणखी तिघं करतात. त्यातला एक एसटीचा कंडक्टर होता, फाटलेल्या तिकिटांच्या मागच्या बाजूला गाणी लिहायचा. दुसरा लग्नात बेंजो वाजवायचा. तिसऱ्यानं नेमकं काय केलं ते मला अजून कळलेलं नाही, पण सत्कार असला की फेटा बांधून तो सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसलेला असतो. त्यांनी खुशाल दावा करावा. माझ्या एका कॅसेटनं जेवढा घोळ घातला तेवढा त्या तिघांच्या कॅसेटींनी मिळून घातला नाही, आणि माझ्या मते पहिलेपणाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

नव्वदच्या दशकात आमच्या गाण्यांचे दिवस फिरले. त्याआधी बागलाणातल्या लग्नात भोंग्यावर हिंदी सिनेमाची गाणी लागायची आणि बायका आपली अहिराणी गाणी भोंगा बंद असेल तेवढ्या वेळात उरकून घ्यायच्या. मग टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, कोऱ्या कॅसेटी मिळायला लागल्या, आणि नाशिक-मालेगाव-धुळ्याच्या दुकानदारांच्या लक्षात आलं की आपल्या बोलीतलं गाणं ऐकायला माणूस वेडा होतो. दोनेक वर्षांत रसवंतीवर, टेम्पोत, ट्रॅक्टरवर आमचीच बोली वाजायला लागली. काल विहिरीवर गाणारी बाई आज कॅसेटच्या कव्हरवर आली. मीही आले. फोटो काढताना मी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळं कव्हरवर मी भलतीकडंच बघतेय.

मी मूळची नामपूरची. घरी कांद्याची शेती. आई गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि धाकटी बहीण तीन वर्षांची. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही, त्यामुळं बहिणीला मीच वाढवली. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला शाळेत मी नेऊन बसवली, आणि लग्न होऊन मी नाशिकला निघाले त्या दिवशी ती माझ्या ट्रंकेवर बसून राहिली. तिला उचलून बाजूला करावं लागलं. तो प्रसंग मी फार आठवत नाही, आठवला की दिवस फुकट जातो.

नवरा सातपूरच्या एका कारखान्यात होता. आमची खोली अंबडच्या बाजूला, आणि त्या गल्लीतली अर्धी घरं आमच्याच भागातली. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडं आम्ही सगळे ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायचो, दार लावलं की ‘शे’ सुरू. शेजारच्या एक वहिनी माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या. मी त्यांना हसू दिलं. पण गल्लीत कुणाची हळद असली आणि मी गायला बसले की त्याच वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहायच्या, गाणं संपेपर्यंत हलायच्या नाहीत. माझा आवाज चांगला आहे. यात नम्रपणा दाखवण्यासारखं काही नाही, तो मी बाजारातून आणलेला नाही.

आता आमच्या लग्नातल्या गाण्यांची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं. विहिणीला आमच्याकडं याहीण म्हणतात, व्याह्याला याही. पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाच्या आईला गाण्यातून डिवचतात. ती खादाड आहे, कळकट आहे, नवऱ्याला राबवते, काय वाटेल ते. गाणं पिढ्यान्‌पिढ्या तेच, फक्त सुरुवातीला एक जागा मोकळी असते. त्या जागेत समोर बसलेल्या बाईचं नाव घालायचं. नाव घातलं की गाणं तिचं होतं. ती लाजते, हसते, पदर तोंडाला लावते, आणि मग तिच्याकडच्या बायका उठून मुलीच्या आईचं नाव त्याच मोकळ्या जागेत घालून दामदुपटीनं परत करतात. उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर त्या हरल्या, आणि हरलेल्या बाजूची चेष्टा पुढची दहा वर्षं चालते.

बहिणीचं लग्न सटाण्याजवळच्या एका गावात झालं. आई नाही म्हणून आईच्या जागी मी. पंगतीत तिची सासू समोर बसली, अंगानं भक्कम, मोठं कुंकू, आणि मी हे गाणं सोडलं:

*… याहीन जेवाले बठनी,*
*अकरा पुऱ्या खाईसन उठनी,*
*तरी म्हने, आज मना उपास शे.*
*याही उभा पंखा लिसन,*
*हिना घाम काय सुके ना.*

ठिपक्यांच्या जागी तिचं नाव होतं. तीन अक्षरी, ठसक्याचं, गाण्यात असं बसायचं की सोनारानं घडवून दिल्यासारखं. ते इथं लिहीत नाही. त्या नावानं एकदा तोंड पोळलंय.

मांडव हसून लोळला. याहीबुवा तर खरोखर कुणाचा तरी पंखा घेऊन बायकोमागं उभे राहिले. मी गाणं संपवलं आणि उत्तराची वाट पाहत कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्यांच्याकडच्या दोन बायका उठल्या, याहीणबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्या परत खाली बसल्या. उत्तर आलंच नाही. मी ओरडून विचारलं, काय झालं, घसा बसला का? तरी नाही. त्या दिवसापासून मी जिथं जाईन तिथं सांगायची की सटाण्याकडच्या अख्ख्या गावाला मी एकटीनं गप्प केलं.

पुढच्या वर्षी मेन रोडजवळच्या एका बोळातल्या कॅसेटच्या दुकानदारानं मला एका हळदीत ऐकलं. तो मालेगावकडचा, बोलताना अहिराणी, हिंदी आणि उर्दू एकाच वाक्यात घालायचा. म्हणाला, “बाई, ये आवाज घरमां ठेवणं गुनाह शे.” माझ्या नवऱ्यानं त्याला चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हणाला. मी चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं.

स्टुडिओ म्हणजे पंचवटीतली एक खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना कांद्याची बारदानं ठोकली होती, त्यामुळं आत शिरलं की पिंपळगावच्या मार्केटमध्ये आल्यासारखा वास यायचा. एक ढोलकीवाला, एक कीबोर्डवाला, काचेपलीकडं एक माणूस. हळदीची गाणी झाली, झोक्याची झाली, सगळी पहिल्या फटक्यात. मग याहिणीचं गाणं आलं आणि माझा आवाज निघेना.

कारण समोर कुणी नव्हतं. हे गाणं भिंतीला म्हणता येत नाही. समोर एक बाई लागते, तिच्या तोंडाकडं बघितलं की शब्द आपोआप धार लावून येतात. मी दोनदा सुरू केलं, दोनदा ते शाळेतल्या कवितेसारखं झालं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, डोळे मिटा आणि तुमच्या एखाद्या लग्नात आहात असं समजा. मी डोळे मिटले. बहिणीच्या लग्नाची पंगत समोर आली, तो कुंकवाचा ठसा समोर आला, आणि मी असं गायले की ढोलकीवाला हसता हसता एक ठेका चुकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोकळ्या जागेत मी नाव कुठलं घातलं, हे कुणी विचारलं नाही. मला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. गाण्यात नाव असतंच, पाण्यात मीठ असावं तसं. घरी ऐकतानाही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती कॅसेट चालली म्हणजे धावली. पिंपळगावला द्राक्षाच्या क्रेट भरणारे टेम्पोवाले ती लावायचे. दिंडोरीकडं छाटणीला गेलेल्या मजुरांच्या टोळीत माझं गाणं वाजत होतं, असं आमच्या गल्लीतल्या एकीनं येऊन सांगितलं. आमच्या भागातली कुठलीही पंगत ‘अकरा पुऱ्या’ लावल्याशिवाय बसेना. मला बोलावणी यायला लागली. वसाहतीत गणपतीपुढं स्टेज घातलं, माझ्यासाठी वेगळा माईक आला, नक्कल करणाऱ्या वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. पुढं व्हीसीडी आल्या, नाचणाऱ्या पोरी आल्या, गाणारी बाई मागं आणि नाचणारी पुढं असा जमाना आला, पण तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा गाणं म्हणजे नुसता आवाज, आणि आवाज म्हणजे मी. फार छान दिवस होते. मी ते दिवस मनसोक्त मिरवले, याची मला आजही लाज वाटत नाही.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि सासुरवाशिणीला आमच्याकडं दिवाळीपेक्षा ती मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आंब्याचा रस, गाणी, तीन-चार दिवस कुणी त्यांना काम सांगत नाही. ज्या लेकीला आखाजीला माहेरी धाडत नाहीत तिचं सासरी काहीतरी बिनसलंय, हे अख्ख्या गावाला कळतं. दरवर्षी वडील मुराळी म्हणून जायचे, बहिणीला घेऊन यायचे, आणि मी नाशिकहून परस्पर नामपूरला पोचायची.

त्या वर्षी आखाजीला पाच दिवस असताना वडील नाशिकला माझ्या दारात उभे राहिले. एकटे. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि पाणी प्यायले. ते बहिणीला आणायला गेले होते आणि रिकाम्या हातानं परत आले होते.

“धाडत नाहीत,” म्हणाले.

“का?”

“तुझं गाणं.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून टेपवर कॅसेट लावली. ठिपक्यांची जागा आली. बहिणीच्या सासूचं नाव स्वच्छ, खणखणीत, माझ्या आवाजात. आम्ही दोघंही टेपकडं बघत बसलो. वडिलांनी मग सांगितलं की ती बाई सटाण्याच्या बाजारात बांगड्या भरायला गेली आणि नाव सांगितलं तर कासार हसला. लग्नाला गेली तर वाढपी पोरं तिच्या पानाजवळ येऊन पुऱ्या मोजतात. दीड वर्ष ती कुठल्याही लग्नात पोटभर जेवलेली नाही, घरी येऊन भाकरी खाते. आणि आता तिनं सांगून टाकलंय, ते गाणं बंद होईपर्यंत सूनबाई माहेरी जाणार नाही. वर्षाची आखाजी नाही, दिवाळी नाही, काही नाही.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. चांगला सणकून आला. थट्टेच्या गाण्यावर कुणी सूड घेतं का? आणि माझ्यावरचा राग माझ्या बहिणीवर का? मी तशीच दुकानदाराकडं गेले. तो म्हणाला, पुढच्या छपाईत नाव बदलून घालू, एका तासाचं काम. पण विकल्या गेलेल्या? त्यावर त्यानं नुसते हात वर केले. त्याचं बरोबर होतं. सुरगाण्यापासून धुळ्यापर्यंत कुणाकुणाच्या घरात, गाडीत, मांडवात ती कॅसेट पडली होती, ती मी कुठून गोळा करणार? गाणं बंद करणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. हातात होतं ते एवढंच की जाऊन त्या बाईसमोर उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. वडील बरोबर यायला निघाले होते, मी त्यांना नामपूरला जाऊन झोका बांधा म्हणून सांगितलं. सटाण्यापर्यंत मी भांडणाची तयारी करत होते. मी असं म्हणेन, ती तसं म्हणेल, मग मी म्हणेन की हरलात तेव्हा गप्प बसलात आणि आता पोरीला कोंडता का. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी तीन-चार वेळा मनात घोळवलं.

याहीणबाई ओट्यावर बसून कांद्याचं बी निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. ओरडल्या नाहीत, मला त्याचाच जास्त धक्का बसला.

“बठ,” म्हणाल्या. “चा लेशी का?”

बहीण दारात आली, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. तिचे डोळे सुजलेले होते. मी चहा घेतला. मग म्हणाले, “याहीणबाई, चूक झाली. नाव तोंडात बसलं होतं, ते निघून गेलं. पण गाणंच आहे ते. लग्नात म्हणतातच.”

“लगनमा म्हनतस,” त्या म्हणाल्या. “मना समोर म्हनतस. तोंडवर ते गानं शे. पाठमांगे ती चुगली शे.”

मग मी ते घोकलेलं वाक्य काढलं. म्हणाले, “तोंडावरही म्हटलंच होतं की. तेव्हा तुमच्याकडून उत्तर आलं नाही. हरलात तेव्हा गप्प बसलात, आणि आता पोरीला…”

त्यांनी हात वर केला. आत बहिणीच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला.

“हारनूत?” त्या म्हणाल्या. हसल्यासारख्या झाल्या, पण हसू काही आलं नाही. मग त्या सावकाश, मला समजेल अशा बेतानं बोलल्या. त्या दिवशी त्यांच्या दोघी जावा उत्तर द्यायला उठल्या होत्या. गाणं तयार होतं, त्यांच्या गावच्या बायका गाण्यात कुणाला ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण उत्तरात मुलीच्या आईचं नाव घालावं लागतं. नव्या सुनेची आई, सून तीन वर्षांची असतानाच गेलेली, मांडवात पोर हळदीच्या अंगानं बसलेली, आणि तिच्या मेलेल्या आईला खादाड, चोर म्हणायचं? त्यांनी जावांकडं पाहून मान हलवली आणि त्यांना खाली बसवलं. त्यानंतर गावातल्या बायका त्यांनाच बोलल्या, नाशिकच्या एका बाईपुढं नाक कापून घेतलंस म्हणून. ते त्यांनी ऐकून घेतलं.

“तुन्ही बहीन रडाले नको म्हनीसन,” त्या म्हणाल्या. “आनि तू मना नावनी कॅसेट काढी.”

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. इतकी वर्षं मी ज्याला माझा विजय म्हणत होते, स्टेजवरसुद्धा रंगवून सांगत होते, तो एका बाईनं माझ्या बहिणीसाठी गिळलेला अपमान होता, आणि त्याच्यावर मी ढोलकी वाजवून घेतली होती. मला स्वतःची भयंकर शरम वाटली. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि कबूल केलं की माझ्याकडं बोलायला तोंड नाही. कॅसेट थांबवणं माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. तुम्ही म्हणाल ती शिक्षा मला द्या, फक्त तिला आखाजीला धाडा.

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. दोन-चार वेळा पाखडलं. मग सूप बाजूला ठेवलं, ते लांब, भिंतीला टेकवून.

“तुन्ही मायनं नाव काय व्हतं?”

मला एकदम सांगता येईना. आमच्या घरात ते नाव कुणी घेतच नव्हतं. वडिलांनी बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, ती जिवंत असतानाही नव्हती. आम्ही माय म्हणायचो, आणि माय गेल्यावर तेवढंही म्हणायचं राहिलं. मी नाव सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

याहीणबाई उभ्या राहिल्या. पदर खोचला. आणि त्यांनी सुरू केलं, असा बुलंद आवाज की शेजारच्या घरातल्या दोघी हातातलं टाकून बाहेर आल्या:

*… याहीन मांडोमा उनी,*
*लाडूसनी परात पदरमा लिनी,*
*तरी म्हने, मना हात रिकामा.*

ठिपक्यांच्या जागी माझी आई होती. त्या बाईनं तिला मांडवात आणली, पंगतीत बसवली, सगळ्यांसमोर लाडू चोरायला लावले. शेजारणी हसून टाळ्या वाजवायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसता तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. बहीण दारात उभी होती. ती रडत नव्हती. तोंड उघडं ठेवून ती सासूकडं बघत होती, गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखी. याहीणबाई पाच कडवी गायल्या. एकेक कडवं माझ्याहून सरस होतं, हे मी गाणारी म्हणून सांगते.

पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना नाशिकला बोलावलं आणि बारदानाच्या त्या खोलीत त्यांचं उत्तर रेकॉर्ड झालं. त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत, मी काचेअलीकडं त्यांच्या समोर बसले होते आणि मोकळ्या जागेत या वेळी नाव माझं होतं. ती कॅसेट माझ्या कॅसेटपेक्षा जास्त वाजली. बाजारात मला पोरं विचारायची, लाडू कुठं लपवले म्हणून. तेव्हा मला कळलं पानाजवळ पुऱ्या मोजतात म्हणजे काय होतं ते. पण ते नंतरचं. त्या दिवशी गाणं संपल्यावर त्या दमून ओट्यावर बसल्या, घाम पुसला, आणि आत बघून म्हणाल्या, “पिशवी भर तुन्ही.” मग माझ्याकडं वळल्या. “लई जाय तुन्ही बहीनले.”

सटाण्याहून नामपूरच्या गाडीत आम्हाला पुढची जागा मिळाली. बहीण खिडकीशी. निम्मा रस्ता ती बाहेरच बघत होती. मला वाटलं माझ्यावर चिडलीय, आणि चिडायचा तिला हक्क होता. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “ताई, माय खरंच इतला लाडू खाये का?”

मी तिला सांगितलं. आई कुठल्याच लग्नात पंगतीला निवांत बसल्याचं मला आठवत नाही, ती नेहमी वाढायला असायची. पण लाडू मात्र ती पदरात बांधून आणायची, हे खरं होतं. याहीणबाईंनी ते कुठून ओळखलं कोण जाणे. घरी आली की चुलीपाशी बसून गाठ सोडायची, मला एक द्यायची आणि उरलेला हातानं चुरून बहिणीला भरवायची, कारण तिला तेव्हा नीट दात आलेले नव्हते.

“मना साठी आणे?” तिनं विचारलं.

“तुझ्याचसाठी आणायची,” मी म्हणाले.

तिनं पदराचं टोक बोटात धरलं. मग म्हणाली, ते पहिलं कडवं पुन्हा म्हण, मायचं नाव घेऊन म्हण. गाडी गच्च भरलेली होती, लोक दांड्यांना धरून उभे होते, आणि मी म्हटलं. हळू नाही, मोकळ्या आवाजात म्हटलं. कंडक्टरनं वळून बघितलं, आणि बहिणीनं दुसरं कडवं स्वतःच्या तोंडानं सुरू केलं.